पायथनमधे अक्षराच्या नंबरात १ मिळवला की मराठीत भलतंच काहीतरी येतंय

पाटीपेन्सिल

नमस्कार सगळ्यांना. मी प्राथमिक शाळेत शिकवते, शिष्यवृत्तीच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणीत सांकेतिक भाषेचे प्रश्न असतात ना, म्हणजे एका शब्दासाठी दुसरा शब्द दिलेला असतो आणि नियम ओळखायचा असतो, त्याच्या सरावासाठी एक छोटा प्रोग्रॅम करायचा चाललाय. नियम साधा ठेवलाय, प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या पुढचं अक्षर. मोबाइलवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठी लावलाय म्हणून फंक्शनची नावं पण देवनागरीतच लिहिते, समजून घ्या, ऑर्ड म्हणजे अक्षर दिलं की नंबर देणारं आणि सीएचआर म्हणजे नंबर दिला की अक्षर देणारं.

इंग्रजीत एकदम छान चालतं. कॅपिटल ए चा नंबर ६५, त्यातून ६५ वजा करायचे, १ मिळवायचा, २६ ने भागून बाकी घ्यायची, परत ६५ मिळवून सीएचआर करायचं. झेड चा बरोबर ए होतो. मुलांना पण ते आवडलं.

मग तेच मराठीला लावलं. क चा नंबर २३२५ आला, ख चा २३२६, म्हटलं चला सगळं ओळीनेच आहे. पण शब्द दिले आणि हे आलं:

कमळ दिलं तर खयऴ. ते शेवटचं टिंबवालं अक्षर काय आहे?
नदी दिलं तर ऩधु. न ला टिंब आलं आणि दीर्घ वेलांटीचा उकार झाला.
गौरी दिलं तर घ्ऱु. दोन अक्षरांचं एकच जोडाक्षर होऊन बसलं!

आणि ह ला १ मिळवला तर अक्षरच नाही, एक गोल तुटका ठिपक्यांचा आकार आणि त्याच्यावर काहीतरी खूण. ऑर्ड ला नुसता क्ष दिला तर सरळ एरर, म्हणतंय एक कॅरेक्टर पाहिजे होतं पण ३ लांबीची स्ट्रिंग मिळाली. क्ष तर एकच अक्षर आहे.

हे फॉन्टमुळे होतंय का? का मराठीसाठी वेगळं काही इन्स्टॉल करावं लागतं? वर्गात कॉम्प्युटर एकच आहे आणि नेट कधी असतं कधी नसतं, त्यामुळे जास्त काही न टाकता होईल असं सांगाल तर बरं होईल.

हलंत_२३८१

मॅडम, फॉन्टचा यात काही संबंध नाही आणि काही इन्स्टॉल पण करायला नको, तुमचा पायथन जे करतोय ते बरोबरच करतोय. तुम्ही दिलेले तिन्ही शब्द इतके नेमके आहेत की त्यावरूनच सगळं सांगता येईल.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणारं मानक, त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ नंबर दिलेत. हा पट्टा फक्त मराठीचा नाही, त्यात हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी, काश्मिरी, सिंधी सगळ्यांना लागणारी चिन्हं आहेत. आणि त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून थेट नाही घेतलेला, त्याआधी भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक होतं त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलाय. इस्कीमधे सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या, म्हणून दक्षिणेकडच्या भाषांतले जे उच्चार देवनागरीत नाहीत त्यांना पण जागा ठेवली. ऩ, ऱ आणि ऴ ही तीन त्यातलीच. ऴ म्हणजे तमिळ या नावाच्या शेवटी तमिळ लोक जो उच्चार करतात तो.

आता तुमचे शब्द बघा. न २३४४, त्यानंतर प नाही, २३४५ ला ऩ आहे आणि प २३४६ ला. र २३५२, मग ऱ २३५३, मग ल २३५४, ळ २३५५, ऴ २३५६, आणि मग व. ळ बघा कुठे बसलाय, ल आणि व च्या मधे, आपण शाळेत तो ह नंतर म्हणतो. त्यामुळे तुम्ही उद्या शब्दांची यादी नुसत्या सॉर्ट ने लावली तरी ती शब्दकोशासारखी लागणार नाही, काळजी हा शब्द कावळा च्या आधी येईल, कारण सॉर्ट हे नंबरच बघतं.

दुसरी गोष्ट मात्रांची. आपण दी हे एक अक्षर समजतो, कॉम्प्युटरच्या हिशोबात ते दोन नंबर आहेत, द २३४२ आणि ी २३६८. तुम्ही दोन्हीत १ मिळवला, २३६९ ला ु आहे म्हणून ऩधु. गौरी मधे तर फारच मजेशीर झालंय, ौ चा नंबर २३८० आणि त्याच्या पुढचा २३८१ म्हणजे हलंत, पायमोड. म्हणून ग चा घ झाला, ौ चा पाय मोडला, आणि पुढचा ऱ त्याला जाऊन चिकटला. नंबर आधी पण चार होते आणि नंतर पण चारच आहेत, दिसायला एक अक्षर झालं एवढंच. हलंतात १ मिळवला तर २३८२, तिथे पृष्ठमात्रा आहे, जुन्या पोथ्यांमधे ए ची मात्रा अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी काढायचे ती. पुस्तक शब्द देऊन बघा, ती मधे येईल. ह नंतर २३६२ ला काश्मिरीसाठीची एक मात्रा आहे, आणि मात्रेला बसायला आधी व्यंजन नसलं की तो ठिपक्यांचा गोल दिसतो.

आणि क्ष ला स्वतःचा नंबरच नाही. क, हलंत, ष असे तीन नंबर, म्हणून ३ लांबी. ज्ञ, त्र, श्र सगळ्यांचं तसंच.

त्यामुळे मराठीत पुढचं अक्षर काढायला नंबरांची बेरीज वापरूच नका. इंग्रजीत ती चालते कारण तिथे नंबरांचा क्रम आणि ए टू झेड चा क्रम एकच आहे. आपल्याकडे क्रम तुम्ही स्वतः लिहून द्या:

मुळाक्षरं = ['क', 'ख', 'ग', 'घ', 'ङ', 'च', … 'श', 'ष', 'स', 'ह', 'ळ']

पाच वर्गांची २५ आणि य पासून ळ पर्यंत ९, एकूण ३४. पायथन ३ मधे व्हेरिएबलचं नाव पण देवनागरीत चालतं, तेव्हा मुळाक्षरं असंच नाव द्या, मुलांना वाचता येईल. मग शब्दातलं एकेक चिन्ह घ्यायचं, ते या यादीत असेल तर त्याची जागा शोधायची, १ मिळवायचा, ३४ ने भागून बाकी काढायची, आणि त्या जागेवरचं अक्षर घ्यायचं. यादीत नसेल, म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलंत, स्पेस काहीही असेल, तर जसंच्या तसं पुढे ढकलायचं. मग नदी चं पधी होतं, गौरी चं घौली, कमळ चं खयक, पुस्तक चं फुह्थख. मात्रा हलत नाहीत त्यामुळे मुलांना वाचता येतं, आणि नियम पण ओळखता येतो.

स्वरांसाठी वेगळी यादी करा, अ आ इ ई अशी, म्हणजे औ च्या पुढे क येणार नाही. कोडमधे औ २३२४ आणि क २३२५ असे शेजारी शेजारी आहेत.

रात्रपाळी

मी पण इथेच विचारून घेतो, नवीन धागा काढत नाही. आमच्या कॉलेजला सी लँग्वेज आहे. कॅरेक्टरचा नंबर काढायचं प्रॅक्टिकल आहे, मी मुद्दाम स्ट्रिंगमधे क टाकला आणि एकेक कॅर परसेंट डी ने छापला तर -३२, -९२, -१०७ असं आलं. निगेटिव्ह नंबर कसे काय? आणि एका अक्षराचे तीन का?

हलंत_२३८१

@रात्रपाळी सी मधला कॅर म्हणजे अक्षर नाहीच, एक बाइट. तुझी फाइल यूटीएफ-८ मधे, म्हणजे युनिकोडचे नंबर बाइटमधे लिहायच्या पद्धतीत, सेव्ह झालीय आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पीसीवर कॅर बहुतेक वेळा साइन्ड, म्हणजे वजा नंबर पण धरणारा, असतो म्हणून १२७ च्या वरचं सगळं निगेटिव्ह दिसतं. अनसाइन्ड कॅर करून छाप, २२४, १६४, १४९ येईल.

आता यातून २३२५ कसे निघतात ते हाताने करून बघ, प्रॅक्टिकलच्या जर्नलमधे लिहिलंस तर सर पण खुश होतील. पहिल्यातून २२४ वजा कर, उरले ०. दुसऱ्यातून १२८ वजा, ३६. तिसऱ्यातून १२८ वजा, २१. मग ० गुणिले ४०९६, अधिक ३६ गुणिले ६४, अधिक २१. ३६ गुणिले ६४ म्हणजे २३०४, त्यात २१ मिळवले की २३२५. एवढंच आहे यूटीएफ-८ तीन बाइटवालं. ी पासून पुढच्या चिन्हांना मधला बाइट १६४ ऐवजी १६५ होतो, कारण ३६ च्या गटातले ६४ नंबर तिथे संपतात.

पाटीपेन्सिल

@हलंत_२३८१ सर खूप खूप आभार, यादीवालं केलं आणि लगेच चाललं, आज मुलांनी एकमेकांची नावं फिरवून बघितली, अर्धा तास वर्ग नुसता गजबजला होता.

आता दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे लक्ष्मी दिलं तर व चा श होतो तसं इथे ल चा व झाला ते ठीक, पण क्ष्म मधे क, ष, म तिन्ही वेगवेगळे पुढे सरकले आणि उच्चारता येईना असं जोडाक्षर झालं. मुलं म्हणतात बाई क्ष हे एक अक्षर आहे त्याच्या पुढे ज्ञ यायला पाहिजे, आणि त्यांचं बरोबरच आहे, आम्ही वर्गात तसंच शिकवतो. दुसरं म्हणजे शब्दात अक्षरं किती असा पण प्रश्न असतो. क्षितिज मधे तीन अक्षरं, पण लेन, म्हणजे लांबी मोजणारं फंक्शन, लावलं तर ७ येतात. मुलांना मी ७ कसं सांगू?

ओळंबा

क्षितिज चं ७ कसं येतं तर क, ्, ष, ि, त, ि, ज. मोजून बघा, सात. यूटीएफ-८ च्या बाइटमधे मोजलं तर २१ येतील. तीनही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, फाइल केवढी होईल हे विचारायचं असेल तर २१, युनिकोडचे नंबर किती तर ७, आणि मुलं मोजतात ती अक्षरं ३. तुम्हाला तिसरं पाहिजे, त्यासाठी आधी शब्दाचे अक्षरांप्रमाणे तुकडे करून घ्या, मग मोजणं आणि फिरवणं दोन्ही त्या तुकड्यांवर करा.

पायथनमधे युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आधीपासूनच असतं, नेट लागत नाही. त्यातलं कॅटेगरी फंक्शन प्रत्येक चिन्हाचा प्रकार सांगतं. मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलंत यांचा प्रकार इंग्रजी कॅपिटल एम ने सुरू होतो. मग नियम असा: रिकामी यादी घ्या, शब्दातलं एकेक चिन्ह बघा. चिन्हाचा प्रकार एम ने सुरू होत असेल तर ते यादीतल्या शेवटच्या तुकड्याला जोडा. नसेल, पण शेवटचा तुकडा हलंतावर संपत असेल, तरी जोडाच, कारण जोडाक्षर चालू आहे. दोन्ही नसेल तर नवीन तुकडा सुरू करा. क्षितिज चे क्षि, ति, ज असे तीन तुकडे पडतात, लक्ष्मी चे ल आणि क्ष्मी असे दोन.

क्ष साठी तुकड्याच्या सुरुवातीला क, हलंत, ष हे तिन्ही आहेत का ते आधी बघायचं, असतील तर ते एक अक्षर धरायचं, मग बाकीचं. क्ष आणि ज्ञ यादीच्या शेवटी टाका, ३४ चे ३६ होतील, भागायचं पण ३६ ने. आता ळ च्या पुढे क्ष येईल, म्हणजे कमळ चं खयक्ष होईल, उत्तरपत्रिका तेवढ्या बदलून घ्या. पण एक लक्षात ठेवा, ही यादी कोट्समधे सुटी सुटीच ठेवा. सगळी अक्षरं सलग एका स्ट्रिंगमधे लिहून त्यातून जागा शोधली तर शेवटी क्ष चे तीन आणि ज्ञ चे तीन वेगळे मोजले जातील आणि हिशोब बिघडेल.

नेटवर शोधलंत तर तयार लायब्ऱ्या सापडतील, त्या ग्रॅफीम क्लस्टर या नावाने हेच करतात. पण जुनी आवृत्ती असेल तर क्षितिज चे चार तुकडे येतील, क् वेगळा आणि षि वेगळा. जोडाक्षर तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत म्हणजे २०२३ ला आला, तोपर्यंत हलंतानंतर तुकडा पाडायचे. त्यामुळे वर्गातल्या जुन्या मशीनवर स्वतःचा नियम लिहिलेला जास्त भरवशाचा.

शुद्धलेखन_हवंच

@ओळंबा यांचा नियम बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो कारण मी मराठी शब्दांच्या याद्या साफ करायचं काम बरंच केलंय आणि त्रास नेहमी त्याच त्याच जागी होतो.

हलंतानंतर जोडायच्या आधी पुढचं चिन्ह व्यंजन आहे ना हे तपासा. अर्थात् तो आला असं वाक्य असेल तर त् नंतर स्पेस आहे, ती पण तुकड्याला चिकटेल आणि त् स्पेस असा विचित्र तुकडा होईल.

कऱ्हाड, वाऱ्यावर, सुऱ्या अशा शब्दांत जो ऱ आहे तो वर मॅडमना नको असलेला २३५३ वालाच. म्हणजे इस्कीत तो दक्षिणेकडच्या भाषांसाठी ठेवला असला तरी मराठीला तो रोज लागतो, दर्या आणि दऱ्या हे वेगळे शब्द आहेत, तो काढून टाकू नका. पण काही कीबोर्डवर हाच आकार साधा र, हलंत आणि त्याच्यामागे न दिसणारा ८२०५ नंबरचा जोडक असा टाइप होतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना केली तर फॉल्स. नॉर्मलाइझ, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणणारं फंक्शन, लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, तुम्हालाच रिप्लेस लावून एका रूपात आणावं लागतं. फिरवताना ऱ ला र समजा म्हणजे झालं.

असंच ॲ चं. ॲप मधला ॲ हा २४१८, तो युनिकोडमधे २००८ ला आला. त्याआधी लोक अ २३०९ आणि त्यावर ॅ २३७३ असं टाइप करायचे, आणि अजून खूप जण करतात. इथेही नॉर्मलाइझ मदत करत नाही. मुलाने उत्तर बरोबर टाइप केलं आणि प्रोग्रॅमने चूक दाखवलं तर त्या पोराला काय वाटेल, म्हणून हे आधीच बघून ठेवा. संशय आला की शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचं ऑर्ड छापून बघायचं, डोळ्यांना न दिसणारं सगळं तिथे दिसतं. ऑर्ड चा मला सगळ्यात जास्त उपयोग यासाठीच होतो.

जुन्या प्रश्नपत्रिका टाकणार असाल तर अजून एक. श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर त्यांचं ऑर्ड काढलंत की देवनागरीचे नंबर येणार नाहीत, बहुतेक २५६ च्या आतलेच येतील. तिथे आत इंग्रजीचेच नंबर असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. त्यावर वरचं काहीच चालणार नाही, आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या.

बोरूने_लिहितो

सगळ्यांनी छान लिहिलंय. मी मोडी कागद वाचतो आणि त्यांचं लिप्यंतर साठवायला जावा आणि जावास्क्रिप्ट वापरतो, त्यातलं एक सांगतो कारण इथे कोणीतरी पुढेमागे मोडी शोधत येईल.

मोडीला युनिकोडमधे २०१४ ला जागा मिळाली, पण ६५५३५ च्या पुढे. मोडी क चा नंबर ७११८२. जावामधला कॅर १६ बिटचा, त्यात हा मावतच नाही, दोन तुकड्यांत साठवला जातो, ५५३०१ आणि ५६८४६. जावास्क्रिप्टमधे कॅर कोड ॲट विचारलं तर पहिला तुकडा ५५३०१ मिळतो, कोड पॉइंट ॲट विचारलं तर खरा ७११८२. उलटं करताना पण फ्रॉम कॅर कोड नको, फ्रॉम कोड पॉइंट वापरा. देवनागरीला दोन्हींनी सारखंच उत्तर येतं म्हणून हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, मोडी किंवा इमोजी आले की लगेच कळतो. मायएसक्यूएल डेटाबेसमधे जुनं यूटीएफ-८ तीन बाइटपर्यंतच घेतं, मोडीला चार लागतात, तिथे यूटीएफ-८ एमबी-४ वालं निवडावं लागतं.

नंबरांची बेरीज मात्र एका ठिकाणी खरंच उपयोगी आहे. इस्कीच्या साच्यामुळे देवनागरी, गुजराती, कन्नड यांचे पट्टे एकाला एक समांतर ठेवलेत. देवनागरी क २३२५, त्यात ३८४ मिळवले की २७०९, गुजराती क. ८९६ मिळवले की ३२२१, कन्नड क. मात्रांना पण तोच फरक. सीमाभागातल्या पाट्या दोन्ही लिप्यांत करायला सुरुवात म्हणून हे छान चालतं, पुढे थोडं हाताने बघावं लागतं कारण काही जागा रिकाम्या आहेत. मोडी या साच्यात नाही, तिला ही युक्ती लागू होत नाही.

पाटीपेन्सिल

तुकड्यांचा नियम घातला, व्यंजन तपासायचं पण घातलं, क्षितिज चे ३ आले! कन्नडची युक्ती सहावीच्या बाईंना दाखवणार, त्यांच्या वर्गात दोन मुलं कन्नड घरातली आहेत.

शेवटचं विचारते. मुलं उत्तर मराठी आकड्यात टाइप करतात, ५ असं. मी इंग्रजीत ४८ वजा करायचे तसं केलं तर २३६३ आलं. हे पण यादी करूनच करायचं का?

हलंत_२३८१

नाही मॅडम, आकड्यांना यादी नको. देवनागरी शून्याचा नंबर २४०६ आणि ९ चा २४१५, मधे एकही परकं चिन्ह नाही, सलग दहा. ४८ हा इंग्रजी शून्याचा नंबर आहे, त्याऐवजी ऑर्ड('०') वजा करा, २४११ वजा २४०६, बरोबर ५. आणि त्याचीही गरज नाही, पायथनच्या इंट ला थेट '५' किंवा '२५' दिलंत तरी तो समजतो, इंग्रजी मराठी आकडे मिसळले तरी चालतं. जावाचं पार्स इंट पण घेतं. जावास्क्रिप्ट घेत नाही, नॅन म्हणजे 'हा नंबर नाही' असं देतं, पुढे कधी हा खेळ वेबपेजवर टाकलात तर तिथे २४०६ वजा करून घ्या.